मागच्या ॲक्सलचे नवे गिअर : पहिले आठशे किलोमीटर संयमाचे

बोलेरो, जुनी सुमो यांसारख्या वाहनांत इंजिनाची शक्ती लांब शाफ्टमार्फत मागच्या चाकांकडे जाते. मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या फुगीर हाउसिंगमध्ये पिनियन हा लहान गिअर क्राउन या मोठ्या गिअरला फिरवतो आणि शक्तीची दिशा काटकोनात वळते. ही जोडी झिजली किंवा दाते तुटले, की दोन्ही गिअर एकत्रच बदलावे लागतात. हे काम खर्चिक आहे. नवी जोडी बसताच गाडी पूर्ण भाराने पळवणारा चालक मात्र तोच खर्च पुन्हा ओढवून घेण्याचा धोका पत्करतो.

उष्णता हाच शत्रू

अशा वाहनांतील क्राउन-पिनियन बहुधा हायपॉइड पद्धतीचे असतात. त्यांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षापेक्षा खाली असतो. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ही रचना मोटारीत आणली. तिच्यामुळे शाफ्ट खाली घेता आला, गिअरचा आवाज कमी झाला. परंतु या रचनेत दाते एकमेकांवर घासत सरकतात. नव्या दात्यांवरील सूक्ष्म उंचवटे सपाट होईपर्यंत हे घर्षण अधिक असते. त्यात नव्या, घट्ट बसवलेल्या बेअरिंगच्या उष्णतेची भर पडते. तेल फार तापले की पातळ होते, दात्यांमधील त्याचा थर तुटतो आणि धातू धातूला भिडतो. अति तापलेल्या दात्यांचा कठीण पृष्ठभाग मऊ पडतो. तो गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही.

पहिली फेरी

गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी तपासावी. हायपॉइड गिअरसाठी सामान्यतः जीएल-५ दर्जाचे तेल लागते. त्याचा जाडपणा वाहनाच्या पुस्तिकेनुसार निवडावा. प्रारंभी २५ ते ३० किलोमीटर, रिकामी गाडी मध्यम वेगाने चालवावी. वेग थोडा कमी-अधिक करीत राहावे, ॲक्सिलरेटर एकदम दाबू नये. नंतर किमान अर्धा तास गाडी थांबवून हाउसिंग निवू द्यावे. असे दोन-तीन वेळा करावे.

त्यानंतरही ८०० किलोमीटर होईपर्यंत पूर्ण भार, दुसरे वाहन ओढणे आणि सतत भरधाव वेग टाळावा. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट भरल्या गाडीने चढणे या काळात विशेष घातक ठरते. भाड्याने गाडी चालवणाऱ्यांना काही दिवसांची कमाई सोडावी लागते, हे खरे. पण नवी जोडी जळाल्यास त्याहून मोठा फटका बसतो. पुढे भार वाढवतानाही पहिल्या खेपा लहान ठेवाव्यात आणि मध्ये विश्रांती द्यावी.

तेल बदलणे

सुमारे ८०० किलोमीटरनंतर पहिले तेल काढून टाकावे. त्यात घर्षणातून सुटलेली बारीक धातूची भुकटी असते आणि ती बेअरिंगला अपाय करते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या भुकटीचा पातळ लेप दिसणे स्वाभाविक आहे. पापुद्रे किंवा दात्याचे तुकडे सापडल्यास गाडी पुढे चालवू नये.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

वेग वाढवताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर घोंघावणारा आवाज येत असेल, तर ‘चालवून चालवून बसेल’ या आश्वासनावर विसंबू नये. दात्यांमधील मोकळीक किंवा त्यांचा परस्परस्पर्श चुकीचा असल्यास तो दोष धावण्याने सुधारत नाही, उलट वाढतो. म्हणूनच जोडी बसवतानाच दात्यांना रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासण्यास मेकॅनिकला सांगावे. पिनियनचे बेअरिंग जॅम झाल्यास मागची चाके धावत्या गाडीत अडकू शकतात. तेव्हा प्रश्न केवळ खर्चाचा उरत नाही.

गिअर किंवा वाहनाच्या उत्पादकाने वेगळी मर्यादा दिली असल्यास तीच प्रमाण मानावी.