म्हैसूरचा नंबर

बेंगळुरूत जुनी जावा बघायला आलेला माणूस आधी नंबरप्लेटकडे बघतो. टाकीवरचा क्रोम, दोन्ही बाजूंचे सायलेन्सर, सीटचं कव्हर हे सगळं नंतर. रंग पुन्हा देता येतो, क्रोम चढवता येतो, शिवाजीनगरच्या गुजरीत किंवा जे. सी. रोडवर चकरा मारल्या तर आज ना उद्या पार्टही मिळतो. नंबर तसा मिळत नाही. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: ‘नंबर ओरिजिनल आहे?’ दुसरा: ‘आर. सी. बुक जुनंच आहे ना?’ आमच्या घरच्या गाडीबद्दल हे दोन प्रश्न मी कन्नड, तमीळ, दखनी आणि इंग्रजीतून इतक्या वेळा ऐकलेत की आता चारही भाषांत पाठ आहेत. शेवटी आलेल्या माणसाने एक लाख ऐंशी हजार सांगितले. २०१८ साली जावा नव्याने बाजारात आली तेव्हा कोऱ्या गाडीची शोरूमची किंमत त्याहून कमी होती.

ही गाडी बाबांनी १९६८ साली बेळगावात घेतली. तिच्या पाटीवर एम आणि वाय ही इंग्रजी अक्षरं आहेत, पुढे आणखी एक अक्षर आणि आकडे.

एम वाय म्हणजे म्हैसूर. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक प्रांताला इंग्रजी अक्षरांचे गट वाटून दिले होते. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर बी एम दिसायचं ते त्यातूनच. १९८८चा नवा कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला आणि देशभर एकच पद्धत आली: राज्याची दोन अक्षरं, मग कचेरीचा आकडा. कोरमंगला के ए शून्य एक, जयनगर शून्य पाच, बेळगाव बावीस. पण आधी नोंदलेल्या गाड्यांचे नंबर कुणी काढून घेतले नाहीत. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यायची, एवढंच. (२०२२च्या एप्रिलपासून दुचाकीसाठी ही फी तीनशेवरून एक हजार झाली. कचेरीत त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.) म्हणजे आज रस्त्यावर एम वाय दिसलं तर ती गाडी जुन्या कायद्याच्या काळात नोंदलेली, आणि तेव्हापासून एकदाही तिचे कागद तुटलेले नाहीत, हे लांबूनच कळतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या न तुटलेल्या कागदांचे.

गाडीचं स्वतःचं नावही असंच कागदोपत्री फिरत आलेलं आहे. फ्रांटिशेक यानेचेक याने १९२९ साली प्राग शहरात मोटरसायकली बनवायला घेतल्या, त्या वांडरर या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरून. स्वतःच्या नावातलं ‘या’ आणि वांडररमधलं ‘वा’ जोडून नाव झालं यावा. आपल्याकडे ते इंग्रजी अक्षरांतून आलं, म्हणून पहिल्या दिवसापासून जावा. मुंबईत या गाड्या आयात करून विकणाऱ्या रुस्तम आणि फारूख इराणी यांनी आयातीवर बंधनं आल्यावर म्हैसूरला कारखाना काढला. १९६१ साली यादवगिरीतल्या त्या कारखान्याचं उद्घाटन जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झालं. एकेकाळचे महाराज तेव्हा राज्यपाल होते. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, खिळ्यासारखी चावी, आणि किक मारायचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा होतो ती गंमत. नवीन मेकॅनिकला अजून पहिल्यांदा ते जमत नाही.

१९७३ साली जावाचं येझदी झालं. इराण्यांच्या मूळ मुलखातल्या यझ्द शहरावरून हे नाव. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. गाडीने आणि राज्याने एकाच वर्षी नाव बदलावं, आणि बाबांच्या गाडीवर मात्र दोन्ही जुनी नावं तशीच राहावीत! टाकीवर जावा, पाटीवर म्हैसूर. पुढे १९९६ साली कारखाना बंद पडला. त्यानंतर येझदी या नावावर हक्क कोणाचा, यावर इथल्या उच्च न्यायालयात खटला चालला. कारखाना गेला, कामगार गेले, यंत्रं गेली, आणि भांडण्याजोगं उरलं ते नाव.

आमच्या घरात मात्र म्हैसूर हे नाव साधं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं गेलं. मोठे काका तेव्हा पंचविशीतले. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सत्याग्रहात ते तुरुंगात जाऊन आले होते. १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवा असा अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी धाकट्या भावाने म्हैसूरला बनलेली, म्हैसूरचा नंबर लावलेली मोटरसायकल दारात आणून उभी केली. आई सांगायची, काका दोन महिने तिच्यावर बसले नाहीत. बाबांचं म्हणणं होतं की गाडी चांगली आहे, तिला काय कळतंय सीमाप्रश्न. त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून आणली तेव्हा काकांनी चुन्याचं बोट लावून ती दोन अक्षरं पुसट केली, असंही एक प्रकरण घरात सांगितलं जातं. त्यात तथ्य किती आणि आईची भर किती, कोण जाणे. शाळेत इंग्रजी आल्यावर मी पाटी मोठ्याने वाचली होती: ‘माय’. इंग्रजीत ‘माझं’, मराठी कानाला आई. काका म्हणाले होते, ‘वाचू नकोस, बघ नुसती.’

पाटी वाचायची हौस आपल्याला पहिल्यापासून आहेच म्हणा. कोल्हापूर-सांगलीकडे इंग्रजी आकड्यांतले चार-एक-चार-एक असे वळवून काढतात की ‘दादा’ वाचावं. दोन-एक-चारचा ‘राम’ होतो, चार-नऊ-एक-दोनचा ‘पवार’. एका लिपीतले आकडे दुसऱ्या लिपीतली अक्षरं म्हणून वाचायचे! मी पंधरा-वीस वर्षं भाषांतरं करते आहे, पण दोन लिप्यांच्या मधल्या फटीत इतकं नेमकं बसलेलं काही माझ्या हातून झालेलं नाही. नियमाला अर्थात हे मान्य नाही. पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडेच हवेत, वळणदार अक्षर चालत नाही, आणि २०१९च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच ठशाची, छेडछाड न होणारी पाटी येते. तरी नंबरावरचं प्रेम काही आटत नाही. २०२४ साली महाराष्ट्राने पसंतीच्या नंबरांची फी वाढवली तेव्हा मुंबई-पुण्यात मोटारीच्या शून्य-शून्य-शून्य-एकसाठी सहा लाख रुपये ठरले. त्याच अधिसूचनेत एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. असा नंबर आता पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावावर करता येतो. दागिना झाला म्हणायचा.

इंग्लंडात तो केव्हाच दागिना झाला आहे. १९०३च्या कायद्यानंतर तिथे मोटारींना नंबर आले, आणि लवकरच लोकांना कळलं की नंबर गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीवर लावता येतो. १९८९पासून तर सरकार स्वतःच लिलाव करतं. २०१४ साली ‘पंचवीस ओ’ या पाटीला पाच लाख अठरा हजार पौंड आले. दुबईत २०२३ साली ‘पी सात’ साडेपाच कोटी दिरहमला गेली. पण ब्रिटनमध्ये या हौसेची झळ बसली ती जुन्या मोटरसायकलींना. एखाद्या शेडमध्ये गंजत पडलेल्या गाडीवर सुटसुटीत जुना नंबर असायचा. व्यापारी गाडी स्वस्तात घ्यायचा, नंबर काढून महागड्या मोटारीवर चढवायचा, आणि मोटरसायकलला तिच्या वयाला साजेसा दुसराच नंबर द्यायचा. नोंदी स्वॉन्सीच्या संगणकावर गेल्या त्या काळात ज्यांचे नंबर गळाले, त्यांना पुरावा दाखवून जुना नंबर परत मिळवायची सोय पुढे झाली. असा परत मिळालेला नंबर दुसऱ्या गाडीला देता येत नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. साधा नंबर मालकाचा नसतो, गाडी आणि राज्य यांच्यातला तो करार असतो. कायद्याचं सत्तेचाळीसावं कलम सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बेळगावहून बेंगळुरूला, पाचशे किलोमीटर, मी गाडी आणली तेव्हा फक्त पत्ता बदलला. बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण मध्ये राज्याची सीमा आहे. तिकडे नेली तर एम वाय जाणार आणि एम एच शून्य नऊ येणार.

आणि न्यायची आहे ती कोल्हापूरलाच. मोठ्या काकांचा मुलगा, आमचा अप्पा, तिथे स्थायिक आहे. बाबा गेल्यावर त्याने फोन केला. ‘परक्याला देऊ नकोस गं. बाबांना सतरा वेळा दवाखान्यात नेलेली गाडी आहे ती. मला दे.’ त्याच्या म्हणण्यात खोट नाही. शेवटच्या वर्षात काका त्याच गाडीवर मागे बसून जायचे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. मी म्हटलं, ‘अप्पा, तुझ्याकडे आली तर नंबर महाराष्ट्राचा होईल.’ पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, ‘ह्यासाठी आमचे बाबा तुरुंगात गेले होते आणि आता मलाच नको वाटतंय बघ.’

एक वाट आहे. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. ज्यांना नवा नंबर घ्यावा लागतो त्यांना व्ही ए अक्षरांची मालिका आणि वीस हजार रुपये फी, पण आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. विकताही येते. फक्त तिने रोजच्या रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला भेटणारे संग्राहक या नियमावर खूश आहेत, आणि त्यांच्या जागी मीही असते. त्यांच्या गाड्या जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिनाला निघतात, फोटो निघतात, परत चादरीखाली. आमची गाडी बाबांनी भाजी आणायला वापरली. तिच्या टाकीवर पिशवीच्या कडीने पडलेला ओरखडा आहे आणि तो मी बुजवू दिलेला नाही.

तर नंबर राखला तर गाडी मंडईत जाणार नाही, गाडी मंडईत गेली तर नंबर राहणार नाही. अप्पाला चालवायची आहे. त्याचा मुलगा म्हणतो जुनी पाटी फ्रेम करून काकांच्या फोटोशेजारी लावू. अप्पाला तेही पटत नाही. ‘बाबांच्या शेजारी म्हैसूर? ते उठून बसतील.’

अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, म्हणजे दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना हरकत दाखल्याचा अर्ज, मी आणून ठेवला आहे. त्यात सध्याचा नोंदणी क्रमांक लिहायची चौकट आहे. तेवढी मी भरली. बाकीचं अप्पा दिवाळीला आला की बसून ठरवू. तोवर रविवारी सकाळी मी तिला किक मारते, जयनगरात दोन चकरा घालते, आणि सिग्नलला कोणी ना कोणी काच खाली करून विचारतंच: ‘ओरिजिनल?’