बुटांच्या खोक्यातली कर्जमाफी

२०१८च्या हिवाळ्यात एक बाई माझ्या टेबलावर बुटांचं खोकं ठेवून समोर बसल्या. आमच्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी, दहा वर्षं सरकारी शाळेत साहाय्यक शिक्षिका. खोक्यात बँकेची स्टेटमेंटं होती, वर्षवार लावून रबर बँड घातलेली, आणि कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीची पत्रं, पाकिटांसकट. पाकिटं कशाला ठेवलीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "पत्रावर ते वाट्टेल ती तारीख छापतील. पाकिटावरची तारीख पोस्टाची असते."

त्यांची तक्रार साधी होती. सार्वजनिक सेवेत नोकरी करा, दहा वर्षांत १२० हप्ते भरा, उरलेलं शिक्षणकर्ज माफ, असा कायदा अमेरिकेत २००७ साली झाला होता. बाईंनी हप्ते भरले होते. उत्तर आलं: अर्ज नामंजूर, कारण कर्ज या योजनेत बसत नाही. थोडक्यात, कर्जाची जात चुकली.

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी १९९६पासून २०२३पर्यंत काम केलं. कर्जाला जात कशी आली, हे सांगायचं म्हणजे मला दर वेळी स्पुटनिकपासून सुरुवात करावी लागे.

ऑक्टोबर १९५७मध्ये सोव्हिएत रशियाचा हा उपग्रह आकाशात गेला आणि आपली पोरं विज्ञानात मागं पडली, ही धास्ती अमेरिकेनं घेतली. २ सप्टेंबर १९५८ला अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचं कर्ज मिळू लागलं ते तेव्हापासून. व्याज ३ टक्के. मात्र सरकार उलथवणाऱ्या कुठल्याही संघटनेशी माझा संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्यानं द्यायचं. त्यावरून हार्वर्ड आणि येल या योजनेतून बाहेर पडली, आणि १९६२मध्ये ते प्रतिज्ञापत्र गेलं. म्हणजे या कर्जाच्या इतिहासातलं पहिलं भांडण पैशाचं नव्हतंच. शिवाय भांडणारे बडे होते, म्हणून लवकर मिटलं. पुढं भांडायची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्यामागं हार्वर्ड नव्हतं.

८ नोव्हेंबर १९६५ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससमधल्या सॅन मार्कोसला गेले. तिथल्या ज्या कॉलेजात ते झाडलोट करून शिकले, तिथंच त्यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. हेतू चांगलाच होता, पण सरकारला तिजोरीत हात घालायचा नव्हता. मग अशी युक्ती निघाली की पैसे बँकेनं द्यावेत आणि जामीन सरकारनं राहावं. पोरगं फेडेल की नाही, याची फिकीर बँकेला उरली नाही. सरकारला मात्र ती लागली, आणि तिथून कायदे कडक होत गेले.

१९७०च्या दशकात एक आवई उठली की डॉक्टर-वकील पदवी हातात पडताच दिवाळं काढतात आणि कर्ज बुडवतात. प्रत्यक्षात परतफेडीला आलेल्या शिक्षणकर्जांपैकी दिवाळखोरीत गेलेली कर्जं एक टक्क्याहून कमी होती. आकड्यानं आवई मरत नाही. १९७६मध्ये नियम आला की पहिली पाच वर्षं दिवाळखोरीत हे कर्ज सुटणार नाही. १९९०मध्ये पाचाची सात झाली. सवलत होती ती फक्त ज्याचे हाल असह्य आहेत त्याला, आणि असह्य म्हणजे किती, ते १९८७च्या ब्रनर खटल्यानं ठरवलं: कर्ज फेडलं तर किमान गुजराणही होत नाही, ही स्थिती पुढंही बराच काळ राहणार आहे, आणि आजवर फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे, हे तिन्ही सिद्ध करा. १९९१मध्ये वसुलीची मुदतच काढून टाकली. न्यायालयात बहुतेक देण्यांना कधी ना कधी मुदतीची बाधा येते, या देण्याला ती उरली नाही. २००५मध्ये लॉकहार्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की जुन्या शिक्षणकर्जासाठी म्हाताऱ्याच्या सोशल सिक्युरिटीच्या पैशातूनही कापून घेता येईल.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले शेतकरी. सावकारीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी एक शब्द हमखास यायचा: दामदुप्पट. व्याज मुद्दलाच्या वर चढता कामा नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्यांना तसला आधार नव्हता. नोकरी गेली म्हणून हप्ते थांबवून घ्यावेत, तर बहुतेक वेळा व्याज चालूच. मुदत संपली की ते व्याज मुद्दलात मिळवायचं आणि पुढं त्यावरही व्याज. दहा वर्षं फेडून मुद्दलापेक्षा जास्त देणं दाखवणारे कागद मी किती पाहिले, त्याची मोजदाद ठेवली नाही.

आता १९९८. त्या ऑक्टोबरमधला कायदा मी ऑफिसात बसून वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचला तेव्हा गंमत कळली. सात वर्षांची मर्यादा त्यानं काढली. म्हणजे असह्य हाल सिद्ध केल्याखेरीज दिवाळखोरीची वाट कायमची बंद. आणि त्याच कायद्यानं शिक्षण खात्यात शिक्षणकर्जाचा ऑम्बड्समन, म्हणजे तक्रारनिवारक, नेमला. न्यायालयाचं दार लावलं आणि भिंतीत एक खिडकी पाडली. पहिलं कर्ज दिल्यानंतर चाळीस वर्षांनी!

त्या खिडकीकडं मी अनेकांना पाठवलं. ऑम्बड्समननं तक्रार ऐकायची, कागद तपासायचे आणि सामोपचारानं मिटवायचा प्रयत्न करायचा, एवढंच त्याचं काम. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नाही. तरी उपयोग व्हायचा, कारण बरीचशी भांडणं कायद्याची नसून हिशेबाची असत. खातं एका कंपनीकडून दुसरीकडं गेलं की वाटेत चार-सहा हप्ते गळायचे. जादा पैसे भरले तर "पुढच्या महिन्याचं आधीच भरलंय" असा शेरा पडायचा आणि तो पुढचा महिना माफीच्या मोजणीत धरला जायचा नाही. अशा वेळी ज्याच्याकडं कागद, त्याचं खरं. कंपनीकडं संगणक होता. कर्जदाराकडं असलंच तर बुटांचं खोकं.

बाईंच्या खोक्यात हप्ते सगळे होते. अडचण जातीची होती. त्यांचं कर्ज २००४चं, बँकेनं दिलेलं नि सरकारनं हमी घेतलेलं. १९९३च्या कायद्यानं सरकार स्वतःही थेट कर्ज देऊ लागलं होतं आणि माफी फक्त त्या थेट कर्जाला होती. १ जुलै २०१०पासून बँकांचा मार्ग बंदच झाला, पण जुनी कर्जं जुन्याच जातीत राहिली. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, हे बाईंना दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या एकट्याच नव्हत्या. २०१८मध्ये पहिले आकडे आले तेव्हा सुमारे २८,००० जणांनी माफी मागितली होती आणि मिळाली होती ९६ जणांना.

ऑक्टोबर २०२१मध्ये शिक्षण खात्यानं वर्षभरासाठी नियम सैल केले. ३१ ऑक्टोबर २०२२च्या आत जुनं कर्ज थेट कर्जात बदलून घ्या, मागचे हप्ते धरू. बाईंना मीच फोन केला. तरी मोजणीत सात महिने कमी आले, खातं हस्तांतरित झालं तेव्हाचे. आम्ही खोकं उघडलं, सात स्टेटमेंटांच्या प्रती काढल्या आणि तक्रार नोंदवली. २०२३च्या मार्चमध्ये शिल्लक शून्य झाल्याचं पत्र आलं.

असाच दीर्घकाळ झोपलेला आणखी एक नियम होता. कॉलेजनं फसवून प्रवेश दिला असेल तर कर्ज रद्द व्हावं, हे कलम १९९३चंच. पण २०१५मध्ये कोरिंथियन ही नफेखोर कॉलेजांची साखळी कोसळली आणि तिच्या विद्यार्थ्यांनी हप्ते भरायला उघड नकार दिला, तेव्हा त्यावरची धूळ झटकली गेली. २०२२मध्ये तिथल्या ५,६०,००० जणांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जं माफ झाली.

माझा ऑफिसातला शेवटचा दिवस ३० जून २०२३. केक कापायच्या आधीच बातमी आली: तेव्हाच्या अध्यक्षांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जमाफी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. दोन्ही फोन दिवसभर वाजत होते. केक तसाच राहिला.

आता मंडळाच्या गणपतीत पोरं गाठतात. "काकू, नवीन कायद्याचं काय?" मग मी सांगते: ४ जुलै २०२५चा कायदा, १ जुलै २०२६पासून लागू. पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना बंद. आईबापांनी काढायच्या कर्जाला दर मुलामागं वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा. भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना सरकारी कर्ज आधीही नव्हतं. आणि नियम कुठलाही असो, आज सही केलेल्या कागदाची प्रत घरी ठेवा.

गेल्या वर्षी त्या बाई दुकानात भेटल्या. खोकं टाकलं का, मी विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या. "शून्याचं पत्रही त्यातच ठेवलंय. पाकिटासकट."