गुर्लहोसूर ते थाम लुआंग : एका पंपाची वाटचाल

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या नव्या पिढीतल्या अनेकांना हे नाव संगीत रंगभूमीमुळे पडले असावे असे वाटते. त्यांचे फारसे चुकतही नाही, कारण 'सौभद्र'कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर आणि उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे दोघेही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या एकाच गावचे. एकाने मराठी माणसाला गाणे दिले, दुसऱ्याने यंत्र. लक्ष्मणरावांच्या नांगराची कथा आपण शाळेत वाचलेली असते. त्यांच्या घराण्याचा पंप आगीशी आणि पुराशी झुंजत परदेशात कसा पोहोचला, ही कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ती सांगावीशी वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंगांतला फरक त्यांना नीट ओळखता येत नसे. म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. 'किर्लोस्कर बंधू' हे नाव त्या दुकानापासूनचे. दुकानाला जोडूनच कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर बनू लागले.

नांगर उत्तम होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडे नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे लागली. या अडचणीत किर्लोस्कर एक गोष्ट शिकले आणि तीच पुढे त्यांच्या कामी आली. माल चांगला आहे एवढे सांगून भागत नाही. घेणाऱ्याच्या शेतात, त्याच्या डोळ्यांसमोर तो चालवून दाखवावा लागतो.

नांगराचा जम बसतो आहे तोच नगरपालिकेच्या आदेशाने बेळगावातली जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे होती, माणसे होती, पण पाय ठेवायला जमीन नव्हती. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि भांडवलासाठी दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स'ची रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आपल्या आधीच्या पिढीने ज्याची वाट पाहिली, ते 'किर्लोस्कर' मासिक यातूनच घडले. सुरुवातीला मात्र ते कारखान्याचे आणि गिऱ्हाइकाचे नाते जोडणारे छोटेखानी पत्रक होते.

१९२६ साली वाडीत पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परतले तेही त्याच वर्षी. या पंपाची रचना समजायला सोपी आहे. बंद घरात पात्यांचे एक चाक वेगाने फिरते, पाणी मध्यातून आत येते आणि फेकले जाऊन कडेने दाबाखाली बाहेर पडते. हा पंप आधी विहिरीवर बसला आणि त्याने मोटेचे काम हलके केले. पण पाणी उचलणारे यंत्र फक्त पिकासाठीच नसते. आग लागली की तेच पाणी आणून ओतायचे असते, पूर आला की तेच पाणी उपसून टाकायचे असते.

आगीचा अनुभव वाडीलाही चुकला नाही. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि नंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उभ्या हयातीत उभारलेले डोळ्यांदेखत जळणे म्हणजे काय, हे या घराण्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा पंप, डिझेल इंजिने आणि विजेच्या मोटारी असा पसारा शंतनुरावांनी वाढवलेला होता आणि त्यांची नजर देशाबाहेरच्या बाजारपेठेकडे लागली होती.

आता आगीसाठीच्या पंपाकडे वळू. शेतातला पंप रोज चालतो. बिघडला तर लगेच कळते आणि दुरुस्तही होतो. मोठ्या इमारतीच्या तळघरातला अग्निशमन पंप वर्षानुवर्षे नुसता उभा असतो. पण ज्या क्षणी वर स्प्रिंकलर फुटतो आणि नळातला दाब उतरतो, त्या क्षणी तो आपोआप सुरू झालाच पाहिजे. बारीकसारीक गळतीने दाब उतरला तर तो भरून काढायला शेजारी एक लहान 'जॉकी पंप' असतो, म्हणजे मोठा पंप उगाच जागा होत नाही. आगीत वीज जाणारच, म्हणून जोडीला डिझेल इंजिनावरचा पंप ठेवतात आणि तो दर आठवड्याला अर्धा तास चालवून पाहायचा असा दंडक असतो.

अशा पंपाचे गिऱ्हाईक मोठे विचित्र असते. त्याने पैसे मोजलेले असतात आणि वस्तू कधीच वापरावी लागू नये अशी त्याची इच्छा असते. वस्तू खरी की खोटी हे एकदाच कळायचे, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. सांगली-बेळगावच्या शेतकऱ्याला 'किर्लोस्कर' हे नाव पुरेसे होते, कारण तीन पिढ्यांनी ते राबवून पाहिले होते. लंडनच्या किंवा दुबईच्या इमारतीचा विमा उतरवणाऱ्याला त्या नावाचे काय? तो मागतो दाखला. अमेरिकेतल्या यूएल आणि एफएम, ब्रिटनमधल्या एलपीसीबी अशा संस्था पंप स्वतः तपासून हा दाखला देतात. अमेरिकी नियमांनुसार अग्निशमन पंपाने ठरलेल्या प्रमाणाच्या दीडपट पाणी सोडले तरी दाब ठरलेल्या दाबाच्या ६५ टक्क्यांखाली जाता कामा नये, आणि पाण्याची वाट पूर्ण बंद केली तरी तो १४० टक्क्यांवर चढता कामा नये. आग कागदावरच्या हिशेबाने लागत नाही, म्हणून ही परीक्षा.

असे दाखले आणि त्यामागची प्रतिष्ठा उभी करायला दशके लागतात. २००३ साली लक्ष्मणरावांचे पणतू संजय किर्लोस्कर यांच्या कारकिर्दीत किर्लोस्कर ब्रदर्सने ब्रिटनमधली 'एसपीपी पंप्स' ही कंपनी घेतली, त्यामागचे गणित इथे उलगडते. या एसपीपीचा पूर्वेतिहास मोठा वाचनीय आहे, कारण त्यातही एक पंप बनवणारे घराणे आहे.

एसपीपी म्हणजे सिग्मंड पल्सोमीटर पंप्स. यातली 'पल्सोमीटर' ही रेडिंग गावची एकोणिसाव्या शतकातली कंपनी. 'सिग्मंड' हे मात्र इंग्रजी नाव नव्हे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या लुटिन या खेड्यात लुडविक सिग्मंड यांनी १८६८ साली पंपांचा कारखाना सुरू केला, म्हणजे लक्ष्मणरावांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी. मार्च १९३९ मध्ये हिटलरने तो सारा प्रदेश गिळला. त्याच काळात या घराण्यातले मिरोस्लाव्ह सिग्मंड यांनी इंग्लंडच्या उत्तरेला, गेट्सहेडच्या टीम व्हॅली औद्योगिक वसाहतीत पंपांचा कारखाना उभा केला होता.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. २९ डिसेंबरच्या रात्री तर आगींनी कहर केला, जमिनीखालचे नळ फुटले आणि नेमके त्याच वेळी थेम्सचे पाणी ओहोटीने खाली गेलेले. अशा दिवसांत चाकांवरचे छोटे पंप उपयोगी पडले. लंडनच्या टॅक्सींना मागे जोडून ते आगीपर्यंत ओढत नेत आणि मिळेल त्या हौदातून, नदीतून पाणी खेचत. टीम व्हॅलीतल्या सिग्मंडांच्या कारखान्यात असे पंप आणि हाताने चालवायचे घरगुती पंप मोठ्या संख्येने बनले. परक्या देशात गेलेल्या घराण्याने त्या देशाचा विश्वास मिळवला तो असा, आगीच्या समोर.

बेळगावात जागा न उरलेल्या एका घराण्याची कंपनी, मायभूमी गमावलेल्या दुसऱ्या घराण्याचा वारसा पुढे चालवू लागली. हा योगायोगच, पण अर्थपूर्ण योगायोग. एसपीपीच्या पाठोपाठ दक्षिण आफ्रिका आणि नेदरलँड्समधल्या कंपन्याही आल्या, थायलंडमध्येही शाखा झाली. त्या थायलंडनेच २०१८ मध्ये साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले.

२३ जून २०१८ रोजी उत्तर थायलंडमधल्या थाम लुआंग या गुहेत बारा मुले आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक शिरले आणि पावसाच्या पाण्याने परतीची वाट बुडाली. २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते गुहेच्या तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत जिवंत सापडले. पण पाणी उतरेना. ६ जुलैला समान गुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत प्राणवायूची नळकांडी पोहोचवून परतताना मरण पावला. आता सारी भिस्त होती पाणी उपसण्यावर. भारतीय दूतावासाने किर्लोस्कर ब्रदर्सचे नाव थाई अधिकाऱ्यांना सुचवले होते. कंपनीचे भारतातले, थायलंडमधले आणि ब्रिटनमधले तंत्रज्ञ ५ जुलैपासून गुहेजवळ उभे राहून पाणी उपसण्याबाबत सल्ला देत होते. चार 'ऑटोप्राइम' पंप विमानाने पाठवता यावेत म्हणून किर्लोस्करवाडीत सज्ज ठेवले होते. साधा पंप हवा धरली की आटतो. ऑटोप्राइम आत अडकलेली हवा स्वतःच बाहेर टाकतो, म्हणून गढूळ, खालीवर होणाऱ्या पाण्यात तो कामाचा. हे नाव मूळचे एसपीपीच्या पंपांचे, आणि पंप मात्र कुंडलच्या माळावरचे!

८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण सुखरूप बाहेर आले. या यशाचे मानकरी अनेक होते : थाई जवान, अनेक देशांचे पाणबुडे, शेकडो कामगार आणि स्वयंसेवक. गुहेतून उपसलेल्या पाण्याने भोवतालची भातशेती बुडाली, तरी काही शेतकऱ्यांनी नुकसानभरपाई नाकारली. त्यांचा वाटा कुठल्याही यंत्रापेक्षा लहान नाही. आपल्या माणसांचा वाटा सल्ल्याचा आणि तयारीचा होता, आणि तो तेवढाच सांगण्यात कमीपणा नाही. शेवटच्या दिवशी सगळी मुले बाहेर आल्यानंतर थोड्याच वेळात मुख्य पंप बंद पडला, आत पाणी वेगाने चढू लागले आणि उरलेल्या बचाव-कर्मचाऱ्यांना धावत बाहेर यावे लागले. तोच पंप काही तास आधी थांबला असता तर? पंपाची खरी किंमत या प्रश्नात आहे.

मराठी उद्योजक परदेशी गेला की आपण त्याची उलाढाल मोजतो. या कथेत मोजायचे ते वेगळे आहे. बेळगावच्या शेतकऱ्याने लोखंडी नांगराबद्दल विचारले होते, "कशावरून?" लंडनचा विमेदारही तेच विचारतो. त्या प्रश्नाचा राग न धरता पुन्हा पुन्हा परीक्षेला उभे राहण्याची तयारी, हेच या घराण्याचे निर्यातीचे भांडवल. गणेशोत्सवात मांडवाच्या कोपऱ्यात लाल सिलिंडर टांगून आपण निर्धास्त होतो. त्याच्यावरची तपासणीची तारीख यंदा कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावी, आणि मांडवातल्या चार पोरापोरींना तो चालवून दाखवावा. लक्ष्मणरावांची आठवण ठेवायची तर अशीही ठेवता येते.