'कांजिण्या झाल्या होत्या का?' : एका प्रश्नाचा इतिहास

मोठ्या माणसाला कांजिण्यांची लस द्यायची म्हटलं की आधी विचारलं जातं, "लहानपणी झाल्या होत्या का?" आमच्या हुपरीत याचं उत्तर बहुधा आई देते, कारण घरात कागद कुठलाच नसतो. हा प्रश्न आला कुठून, ते बघूया.

१७६७ मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी कांजिण्या आणि देवी हे वेगळे आजार असल्याचं स्पष्ट मांडलं. भारतात देवी निर्मूलनाच्या काळात हा फरक ओळखणं फारच गरजेचं झालं. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे पोटापाठीवर जास्त आणि नवे-जुने एकत्र. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. कांजिण्या राहिल्या.

दरम्यान १९७४ मध्ये जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस मांडली. आता 'आजार कोणता?' याऐवजी 'कोणाला अजून होऊ शकतो?' हे शोधायचं होतं. थंड देशांत बहुतेकांना त्या लहानपणीच होऊन जात. उष्ण देशांत संसर्ग उशिरा होतो, म्हणून न झालेले प्रौढ जास्त सापडतात. मोठेपणी, विशेषतः गरोदरपणी, आजार गंभीर होऊ शकतो आणि तेव्हा ही लस देता येत नाही.

म्हणून लशीआधी रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी तपासतात. चांदीचा टंच काढावा तसं. 'हो, झाल्या होत्या' हे उत्तर बहुधा खरं निघतं. 'नाही' मात्र फसवं, कारण सौम्य आजार विसरला जातो. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला लस दिली तरी अपाय होत नाही. चाचणीने फक्त डोस वाचतो.

पण लशीनंतर तीच चाचणी दगा देते. बाजारातले बरेच एलायझा किट आजारानंतरच्या भरपूर अँटिबॉडी पकडतात, लशीनंतरच्या कमी पातळीच्या सुटतात. म्हणजे दोन डोसनंतर 'निगेटिव्ह' आलं तरी लस वाया गेली असं नाही.

तुमच्या अभ्यासात 'प्रतिकारशक्ती आहे' असा रकाना असेल, तर तो आठवणीवरून भरला, चाचणीवरून की लशीच्या कार्डावरून, हे वेगवेगळं नोंदवा. तिन्ही एकत्र केले तर नंतर वेगळे काढता येत नाहीत.