रॉसचं नाव पुकारेपर्यंत

तिकीट हातातून सोडू नका. आज शनिवार, १६ मे १८६८. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगाचा आज निकाल आहे आणि सिनेटनं दिवसाला फक्त एक हजार तिकिटं छापली आहेत. प्रेक्षकसज्ज्यात बसायला पास लागण्याची ही पहिलीच खेप. जिन्यावर रेटारेटी आहे. रेटा खात वर या, कठड्यालगतची जागा धरा आणि खाली बघा.

खाली अर्धवर्तुळात लाकडी मेजं मांडलेली आहेत. पीठासनावर सरन्यायाधीश सॅल्मन चेस बसलेत. सभागृह तसं नवंच, १८५९ मध्ये वापरात आलेलं. सिनेटर ५४, राज्यं २७. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या १० राज्यांना अजून इथे जागा नाही. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ३६. कागदावर हे सोपं दिसतं. जॉन्सनच्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे १२ सोडले तर बाकीचे ४२ तुमचे.

तुमचे म्हणजे रिपब्लिकन. आजच्या दिवसापुरते तुम्ही त्या पक्षाचे आहात. लिंकनच्या, गुलामगिरी मोडून काढणाऱ्या पक्षाचे. आणि तुम्ही भयंकर चिडलेले आहात. हा राग नीट समजून घ्या, कारण पुढच्या दीडशे वर्षांत बऱ्याच शहाण्या माणसांनी तो आततायी ठरवला आहे.

लिंकनच्या खुनानंतर त्यांच्या खुर्चीत जॉन्सन बसले. मूळचे टेनेसीतले शिंपी, डेमोक्रॅट, एकेकाळचे गुलामांचे मालक. युद्धात जनरल शर्मनच्या हुकमानं मुक्त झालेल्या गुलामांना किनाऱ्यालगतच्या जमिनी कसायला दिल्या होत्या. जॉन्सननी बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि जमिनीही परत केल्या. नागरी हक्कांचं विधेयक आलं, त्यांनी नकाराधिकार वापरला. ते विधेयक काँग्रेसला दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करावं लागलं. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसमध्ये ४६ काळ्या माणसांची कत्तल झाली, जुलैत न्यू ऑर्लिन्सला रक्त सांडलं. दक्षिणेत काँग्रेसनं लष्करी अंमल बसवला, तर तो कडकपणे राबवणाऱ्या शेरिडनलाच जॉन्सननी हलवलं. मग या फेब्रुवारीत युद्धमंत्री स्टँटनला काढलं. सिनेटच्या संमतीशिवाय काढायचं नाही असा कायदा वर्षभरापूर्वीच झाला होता. स्टँटननं कचेरी सोडायला नकार दिला आणि आतच ठाण मांडलं. तीन दिवसांत प्रतिनिधीगृहानं १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला.

आता खरं सांगायचं तर मंत्री कोणी काढायचा हा वाद किरकोळ आहे. तो कायदा पुढे १८८७ मध्ये रद्द होईल, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणेल की असला कायदा मुळात घटनेत बसतच नव्हता. खटल्याचा पाया कच्चाच होता. पण तुमच्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. दक्षिणेत चाळीस लाख माणसं नुकतीच मुक्त झाली आहेत आणि त्यांच्या संरक्षणाचे कायदे ज्यानं अमलात आणायचे, तोच ते हाणून पाडतोय. याला अजून दहा महिने तिथे ठेवायचं?

खालची डोकी मोजा. सहा रिपब्लिकन फुटले तरी ३६ उरतात. सातवा फुटला तर खेळ खलास. सगळ्यांची नजर कॅन्ससच्या एडमंड रॉसवर आहे. चाळिशी ओलांडलेला, अबोल, धंद्यानं मुद्रक आणि पत्रकार. गुलामगिरीविरोधाच्या ऊर्मीनं कॅन्ससला गेलेला, मग युद्धात लढलेला. त्याच्यापुढे कागदाच्या कपट्यांचा ढीग पडलाय. बसल्या बसल्या तो हातातला कागद फाडत होता, असं म्हणतात. तो बसलाय ती जागाही अशुभच म्हणायची. आधीचा सिनेटर जिम लेन यानं जॉन्सनची बाजू घेतली, कॅन्ससमध्ये छी-थू झाली आणि १८६६ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या जागी रॉस आला.

दोन दिवसांपासून तारांचा पाऊस पडतोय. लेव्हनवर्थहून डी. आर. अँथनी आणि इतर हजार जणांच्या नावानं तार आली: कॅन्ससनं पुरावा ऐकलाय, आता शिक्षा हवी. रॉसनं उलट कळवलं की मत कसं द्यायचं हे मला फर्मावण्याचा तुम्हाला अधिकार नाही, मी निःपक्ष न्यायाची शपथ घेतली आहे. तुम्ही हे वाचलंत तेव्हा दातओठ खाल्लेत. शपथ! मेम्फिसमध्ये कुठे होती ती?

तुम्ही मूळचे पक्षांतरबंदीच्या काळातले, म्हणून मनात येतं की व्हिप काढा, सदस्यत्व घालवा, विषय संपला. १९८५ पासून आपल्याकडे ती सोय आहे. इथे नाही. सिनेटर सहा वर्षांसाठी येतो, पक्ष त्याला शिव्या देऊ शकतो, घरी पाठवू शकत नाही. तो थेट लोकांनी निवडलेलाही नाही, त्याला राज्याचं विधिमंडळ पाठवतं. त्यामुळे तारा, धमक्या आणि रात्री-अपरात्री भेटायला येणारे पुढारी एवढीच हत्यारं उरतात. ती सगळी वापरून झाली आहेत.

पुकारा सुरू झाला. कलमं अकरा आहेत, पण सुरुवात अकराव्यापासून, कारण त्यात सगळ्या आरोपांचा काला केलाय आणि ते पास होण्याची आशा जास्त. वर्णानुक्रमानं एकेक नाव. नाव पुकारलं की माणूस उठतो, सरन्यायाधीश विचारतात, तो सांगतो दोषी की निर्दोष. मेनचा फेसेंडन उठतो. निर्दोष. सज्ज्यातून उसासा. हा माणूस पुनर्रचनेसाठी नेमलेल्या संयुक्त समितीचा अध्यक्ष होता! टेनेसीचा फाउलर इतकं पुटपुटतो की पुन्हा विचारावं लागतं. निर्दोष. आयोवाच्या ग्राइम्सला काहीच दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आलाय, त्याला उचलून आणलंय. बसून सांगितलं तरी चालेल म्हणतात, तरी तो आधार घेऊन उठतो. निर्दोष. मिसुरीचा हेंडरसन. निर्दोष. चार झाले.

आणि मग रॉस.

नंतर तो लिहील की त्या क्षणी आपल्याला आपली उघडी कबरच दिसत होती. तुम्हाला वरून फक्त त्याचं डोकं दिसतं. निर्दोष, तो म्हणतो. तुमच्या शेजारचा माणूस असा शब्द उच्चारतो जो इथे छापता येणार नाही. पुढे इलिनॉयचा ट्रम्बल, वेस्ट व्हर्जिनियाचा व्हॅन विंकल. सात पुरे. ३५ विरुद्ध १९. एका मतानं हुकलं.

खरी चीड रॉसची नाही, ट्रम्बलची यायला हवी. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये ज्या समितीतून आली, तिचा हा अध्यक्ष. नागरी हक्कांचं ते विधेयकही यानंच लिहिलेलं. पाच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करतील आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या माणसांना ते पुस्तक अर्पण करतील. त्या अर्पणपत्रिकेत ज्यांचा गौरव आहे त्यांत हा ट्रम्बल नक्की बसतो. त्याची भूमिका अशी की राजकीय मतभेदासाठी एकदा राष्ट्राध्यक्ष काढला की पुढे कोणीच सुरक्षित राहणार नाही. हा मुद्दा खोटा नाही, आणि त्याचाच तर जास्त त्रास होतो. हरामखोरानं दगा दिला तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथे दगा देणाऱ्याच्या हातात घटना आहे आणि घराची जी भिंत तो पाडू देतोय ती त्यानंच बांधलेली आहे.

शिवाय तत्त्वाच्या आड बाकीचंही बरंच आहे. जॉन्सन गेले तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेन वेड राष्ट्राध्यक्ष होणार. वेड बायकांच्या मताधिकाराच्या बाजूचे, जबर आयात जकातीचे पुरस्कर्ते, जिभेनं फटकळ. पक्षातल्या मवाळांना ते जॉन्सनपेक्षा फार बरे वाटत नाहीत, आणि फेसेंडनचं तर त्यांच्याशी पटतच नाही. या वेडनी स्वतःही मत दिलं: दोषी. खुर्ची आपल्यालाच मिळणार असताना! विवेकाचा हिशेब दोन्ही बाजूंनी तपासायला हवा, एवढंच.

संध्याकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात एकच विषय आहे: रॉसला किती मिळाले? प्रतिनिधीगृहाचा बेन बटलर लाचेची चौकशी लावतोय. रॉस ज्या रीम कुटुंबात भाड्यानं राहतो त्यांची मुलगी व्हिनी कॅपिटॉलमध्ये लिंकनचा पुतळा घडवतेय. राग तिच्यावरही निघणार आहे, कार्यशाळा रिकामी करायचा हुकूम होईल. कॅन्ससमधल्या एका न्यायमूर्तीच्या नावावर सांगितली जाणारी तार तोंडोतोंडी फिरतेय: येशूला दगा देणाऱ्या यहूदानं वापरलेला दोर हरवलाय, पण जिम लेनचं पिस्तूल तुझ्या सेवेला हजर आहे. ही क्रूर तार ऐकून तुम्ही हसता. हसता, हे नाकारू नका.

लाच सिद्ध होणार नाही. पण काही आठवड्यांतच रॉस राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडू लागेल, आपल्या माणसांना जागा द्या म्हणून. त्याचा कॅन्ससचा मित्र पेरी फुलर न्यू ऑर्लिन्सच्या जकात कचेरीचा प्रमुख होईलही. १९५६ मध्ये जॉन केनेडी नावाचा एक तरुण सिनेटर आपल्या पुस्तकात याच रॉसला निर्भयतेचा आदर्श करेल. त्या पुस्तकाला पुलित्झर मिळेल, आणि जागांची मागणी करणारी पत्रं विस्मरणात जातील. शिवाय गरज पडली असती तर आणखी काही जण निर्दोष म्हणायला तयार होते, असंही नंतर सांगितलं गेलं. तसं असेल तर एकट्या रॉसच्या हातात देश वगैरे काही नव्हता. पण तुम्ही हे हॉटेलात कोणाला सांगणार? इथे हवा आहे बळीचा बकरा, आणि त्याला नाव आहे.

पक्षातल्या जहालांनी दहा दिवसांची तहकुबी घेतली. मधे शिकागोत पक्षाचं अधिवेशन आहे, ग्रँटला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळते, तिथल्या दबावानं एखादं मत वळेल अशी आशा. २६ मे रोजी तुम्ही पुन्हा सज्ज्यात आहात. दुसरं कलम: ३५ विरुद्ध १९. तिसरं: ३५ विरुद्ध १९. बाकीची कलमं कोणी पुकारतही नाही.

सात वर्षं पुढे या, मार्च १८७५. सज्जा तोच, या वेळी तिकीट मिळवायची मारामार नाही. एका मेजावर फुलं ठेवलीत. टेनेसीचे नवे सिनेटर शपथ घेतायत: अँड्र्यू जॉन्सन. शपथ देणारे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री विल्सन १८६८ मध्ये याच सभागृहात ‘दोषी’ म्हणाले होते. त्या सातांना शोधा. फेसेंडन आणि ग्राइम्स वारले. बाकीच्यांची मुदत संपली ती संपलीच. ट्रम्बलही दोन वर्षांपूर्वी गेला. रॉस १८७१ मध्ये परत निवडून आला नाही आणि पुढे तो डेमोक्रॅट होईल. सभागृहात त्यांच्यातलं कोणीच नाही.