खाडीची आणि दर्याची होडी

ज्या घराच्या पुढील दारी दर्या आणि मागील दारी खाडी, त्या घराने होडी कोणती घ्यावी? हा प्रश्न वरवर पाहता केवळ धंद्याचा वाटतो. परंतु आपल्या ज्ञातीचा इतिहास चाळू लागल्यास तो गावोगावी आणि पिढ्यान्‌पिढ्या भेटत राहतो. मालवणच्या दक्षिणेस देवबागची चिंचोळी पट्टी एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी घेऊन पसरली आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधून काढले, त्याचा थोडा परामर्श येथे घेण्याचा आमचा विचार आहे.

दोन पाण्यांसाठी दोन होड्या बाळगणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात कधीच नव्हते. आणि नुसत्या एका पाण्यावर वर्षही निभत नसे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला म्हणजे बांगडा आणि तारली यांच्यासाठी बाहेर जावयाचे. मृगाचा पाऊस कोसळू लागला म्हणजे तीच होडी खाडीत न्यावयाची. पावसाळ्यात डोंगरातून येणाऱ्या लोंढ्याने खाडीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होऊन जातो. तेथे चढणीचे मासे, शेवटे आणि तांबोशी यांवर घर चाले. म्हणजे खारे पाणी आणि गोडे पाणी हा भेद आमच्या लोकांच्या दृष्टीने स्थळाचा जितका, तितकाच ऋतूचाही होता.

या दोन पाण्यांच्या मध्ये उभा असतो तो खाडीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा. तो दर पावसाळ्यात जागा बदलतो, आणि ओहोटीच्या वेळी त्यावरील पाणी कित्येक ठिकाणी गुडघ्याएवढेही राहत नाही. होडीचा जो भाग पाण्याखाली असतो, त्यास डूब म्हणतात. जिची डूब अधिक, तिला भरतीची वाट पाहत बाहेर तिष्ठावे लागणार. आणि मासळी तर उन्हात वाट पाहत नाही! आमच्या मते होडीची खरी निवड करीत असे तो हा दांडाच.

यावर जुना तोडगा म्हणजे एका खोडातून कोरून काढलेली पगार. तिला पठाण नाही, त्यामुळे ती हातभर पाण्यातही तरंगते आणि चार माणसांनी ओढल्यास वाळूवर सरकते. परंतु पठाण नसलेली अरुंद होडी लाटेवर कलंडणार, हे उघड आहे. तेव्हा दोन आडव्या वाशांना हलक्या लाकडाचा एक ओंडका बांधून तो एका अंगास पाण्यावर तरता सोडावयाचा. हीच आपली उलांडी. खोल बूड न देताही होडीला स्थैर्य देणारी ही युक्ती अत्यंत मार्मिक आहे. जेम्स हॉर्नेल या नौकाभ्यासकाने १९२० साली हिंदुस्थानातील होड्यांच्या घडणीवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात उलांडीच्या होड्यांचा सविस्तर विचार केलेला आहे.

गोड्या पाण्यात होडी अधिक बुडते, असे कोणी सांगतात. ते खरे आहे. पण समुद्राचे पाणी गोड्याहून सुमारे अडीच टक्केच जड असल्याने, दर्यात ९ इंच डूब असलेली होडी नदीत जेमतेम पाव इंच अधिक जाते. त्याची चिंता नको. खरा भेद लाकडाला जाणवतो. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा लागतो, तो गोड्या पाण्यात फार दिवस जगत नाही. उलट पावसाचे गोडे पाणी होडीत साचून राहिले तर लाकूड कुजते. दोन्ही पाण्यांत फिरणाऱ्या होडीला म्हणूनच किड्यापासून थोडा विसावा मिळे. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, यास्तव फळ्या काथ्याने शिवीत, आणि वरून मोरीचे किंवा काजूचे तेल देत.

आता या पगारीसाठी बहुधा आंब्याचे खोड लागे, आणि येथे एक जुने राजशासन आठवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी सुद्धा रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून आणि पैसे देऊन मगच न्यावे, अशी ताकीद आहे. त्याच ग्रंथात वाऱ्याशिवाय निरुपयोगी ठरणारी अवजड जहाजे बांधू नयेत, असेही सांगितले आहे. आंग्र्यांची गलबते वल्ह्यांवर चालत आणि उथळ खाडीत शिरत. मोठ्या डुबेच्या परकीय जहाजांना तेथे पाठलाग करवत नसे. १७५६ साली विजयदुर्गास ते आरमार जळाले, त्यात दोष उथळ बुडाचा नव्हता. गलबते बंदरातच कोंडली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आल्या. त्यांनी मासळी वाढविली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना खोल पाणी आणि धक्का हवा. म्हणून त्या ससून डॉक, मिरकरवाडा अशा बंदरांकडे ओढल्या गेल्या, आणि त्यांच्यामागून खाडीकाठची तरुण मंडळीही गेली. किनाऱ्यालगत ट्रॉलर शिरू लागल्याने रापणकारांशी कलह झाला, आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा करावा लागला. ज्यांच्यापाशी उथळ होडी राहिली, त्यांचे घर मात्र गावातच राहिले. ही गोष्ट आपल्या इतिहासात फारशी कोणी नोंदविलेली नाही.

आज पगारीची जागा फायबरच्या होडीने घेतली आहे. तिला किडा लागत नाही आणि आंबाही तोडावा लागत नाही. मात्र घेताना कित्येक जण केवळ तिची लांबी आणि यंत्राची अश्वशक्ती विचारतात. होडीला मागे टांगलेल्या यंत्राचा पंखा बुडाखाली जातो, म्हणून डूब मोजावयाची ती पंख्यासकट. दांड्यावर यंत्र वर उचलता येते काय, आणि उचलल्यावर वल्ह्याने होडी हाकता येते काय, हे स्वतः पाहावे. अगदी सपाट बूड खाडीत सुखाचे, पण दर्याच्या लाटेवर ते आपटते; नाळेकडे थोडा उतार आणि मागे सपाटी, हा मध्यम मार्ग आम्हांस बरा वाटतो.

काही घरांच्या मांगरांत अद्याप जुनी पगार किंवा तिचा तुटका भाग पडून असेल. तिची लांबी, रुंदी, खोली, उलांडीचे अंतर आणि लाकडाची जात घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावी, आणि ती माहिती पुढील स्मरणिकेसाठी आमच्याकडे अवश्य धाडावी.