गोल मारणारा फौजी भारताचा गोलकीपर झाला, आणि नंतर वास्कोचा कोच

आमच्या असोद्याकडे शाळेच्या मैदानात कधी फुटबॉल निघालाच, तर एक गोष्ट ठरलेली असते. ज्याला पळायचा कंटाळा, त्याला गोलमध्ये उभं करायचं. पण भारताच्या सगळ्यात गाजलेल्या गोलकीपरांपैकी एकाची गोष्ट उलटी आहे. ते आधी गोल मारायचे.

पीटर थंगराज. जन्म १९३५ चा, हैदराबादचा. लष्करात मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या टीममध्ये ते सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होते. नंतर सहा फुटांहून उंच असलेला हा गडी गोलपोस्टखाली गेला आणि तिथलाच झाला. या टीमने १९५५ आणि १९५८ मध्ये ड्युरँड कप जिंकला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. त्या टीममध्ये दोन गोलकीपर होते, थंगराज आणि मुंबईकडून खेळणारे एस. एस. नारायण. १९६० च्या रोम ऑलिम्पिकलाही थंगराज होतेच.

पण खरा दिवस ४ सप्टेंबर १९६२ चा. जकार्ता, एशियन गेम्सची फायनल. अजय देवगणचा 'मैदान' पाहिला असेल तर कोच सय्यद अब्दुल रहीम आठवतील. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी याच स्पर्धेत आपल्याला २-० ने हरवलं होतं. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी बाहेर ठेवलं म्हणून जी. डी. सोंधी या भारतीय अधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता, त्यामुळे अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी सुरुवातीलाच गोल केले. मग कोरियाचे हल्ले सुरू झाले. गोलमध्ये थंगराज. शेवटच्या काही मिनिटांत एक गोल गेला, दुसरा गेला नाही. २-१. एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं सोनं भारताला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

कोलकात्यात ते मोहम्मेडन स्पोर्टिंग, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळले. १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९७१ च्या सुमारास खेळणं थांबलं आणि कोचिंग सुरू झालं. इथे एक अडचण असते. गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, बॅक लाइनला ओरडून सांगायचं कामही त्याचंच. तरी क्लबवाले त्याला गोलकीपिंग कोच करून मोकळे होतात, कारण त्याचा सराव कायम बाकीच्यांपासून वेगळा, एका कोपऱ्यात झालेला असतो. इटलीचे डिनो झॉफ अपवाद. १९८२ चा वर्ल्ड कप कॅप्टन म्हणून जिंकला, २००० मध्ये कोच म्हणून युरोची फायनल गाठली, ती हरली, बर्लुस्कोनींनी जाहीर टीका केली आणि झॉफनी राजीनामा दिला.

थंगराज यांनी मात्र अख्ख्या टीमची जबाबदारी घेतली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, गोव्यातला वास्को क्लब आणि गोव्याची राज्य टीम. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. नंतर ते बोकारो स्टील प्लांटमध्ये गेले आणि तिथल्या फुटबॉल अकादमीचं काम पाहिलं. पगार, क्वार्टर, मैदान, सगळं एका जागी. त्या काळात खेळाडूला कंपनीची नोकरी हाच मोठा आधार होता.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी बोकारोतच त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर ३० वर्षांनी, १९९७ मध्ये, अर्जुन पुरस्कार घेणारे ब्रह्मानंद शंखवाळकर हेही गोलकीपरच, आणि गोव्याचे.